अँटिफाउलिंग रंगांचे मृदुकाय प्राण्यांवरील परिणाम

अँटिफाउलिंग रंग म्हणजे जहाजे व होड्यांच्या पाण्याखाली राहणाऱ्या भागावर सागरी जीव चिकटू नयेत म्हणून लावले जाणारे विषयुक्त रंग. या रंगांतील विष हळूहळू पाण्यात विरघळते आणि बुडावर वस्ती करू पाहणाऱ्या जीवांना मारते किंवा दूर ठेवते. हेच विष बंदरे, खाड्या व नौकातळांच्या पाण्यात पसरल्यावर कालवे, शिंपले, शिणाणे, सागरी गोगलगायी अशा मृदुकाय प्राण्यांना अपाय होतो. या अपायाचे सर्वाधिक अभ्यासले गेलेले उदाहरण ट्रायब्युटिल टिन (टीबीटी) या कथिलाच्या सेंद्रिय संयुगाचे आहे. १९७० च्या दशकात फ्रान्सच्या आर्काशाँ उपसागरातील कालवशेती या संयुगामुळे मोडकळीस आली, तर इंग्लंडच्या किनाऱ्यावरील काही गोगलगायींच्या माद्यांमध्ये नराची जननेंद्रिये वाढून त्या वांझ झाल्या. पुढे या संयुगावर आंतरराष्ट्रीय बंदी आली. त्याची जागा मुख्यतः तांब्याच्या रंगांनी घेतली असून त्यांचेही काही परिणाम नोंदले गेले आहेत.

पार्श्वभूमी

समुद्रात ठेवलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर प्रथम सूक्ष्मजीवांचा बुळबुळीत थर बसतो. त्यावर शैवाल उगवते आणि नंतर बार्नेकल, शिणाणे, नळीकृमी यांची अर्भके येऊन स्थिरावतात. बूड असे खडबडीत झाले की जहाजाला होणारा पाण्याचा विरोध वाढतो, वेग घटतो आणि इंधन अधिक जळते. लाकडी जहाजांना आणखी एक भय होते. टेरेडो हा लाकूड पोखरणारा प्राणी नावाने जहाजकृमी म्हणून ओळखला जात असला तरी तो कृमी नसून शिंपल्यांच्याच कुळातील मृदुकाय प्राणी आहे.

हिंदी महासागरातील पारंपरिक गलबतांच्या बुडाला चुना आणि तेल किंवा चरबी यांचे मिश्रण लावण्याची पद्धत होती. युरोपीय आरमारांनी अठराव्या शतकात तांब्याचे पत्रे वापरण्यास सुरुवात केली. ब्रिटिश आरमाराच्या ‘अलार्म’ या युद्धनौकेवर १७६१ मध्ये असे पत्रे प्रयोगादाखल ठोकण्यात आले. तांबे समुद्राच्या पाण्यात झिजते, म्हणून १८२० च्या दशकात रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही यांनी पत्र्यांना जस्त व लोखंडाचे तुकडे जोडून ही झीज थांबवण्याचा उपाय सुचवला. उपाय रसायनशास्त्राच्या दृष्टीने यशस्वी ठरला आणि नेमका त्यामुळेच व्यवहारात फसला. तांबे झिजेनासे झाले तसे त्यावर बार्नेकल व शैवाल वाढू लागले. तांब्याचा उपयोग त्याच्या विरघळण्यातच होता, हे त्यातून स्पष्ट झाले. नंतरचे बहुतेक अँटिफाउलिंग रंग याच तत्त्वावर चालतात. रंगातले विष पाण्यात जाणे हा त्या रंगाचा दोष नसून ते त्याचे कामच आहे. म्हणून या प्रदूषणाला गळती किंवा अपघात म्हणता येत नाही.

ट्रायब्युटिल टिन

१९५० च्या दशकात नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथे फान डर केर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कथिलाच्या सेंद्रिय संयुगांचा जीवनाशक म्हणून पद्धतशीर अभ्यास केला. कथिलाच्या अणूला ब्युटिल या कार्बनसाखळीचे तीन गट जोडलेले संयुग बुरशी व इतर जीवांविरुद्ध विशेष प्रभावी असल्याचे आढळले. शुद्ध कथिल फारसे विषारी नाही. भांड्यांना कल्हई करण्यासाठी ते पिढ्यान्‌पिढ्या वापरले जाते. ब्युटिल गट जोडल्यावर मात्र ते चरबीत विरघळू लागते आणि पेशींच्या आवरणातून सहज आत शिरते.

१९६० च्या दशकात हे संयुग जहाजांच्या रंगात आले. त्याच सुमारास आफ्रिकेत बिल्हार्झिया या रोगाचा प्रसार करणाऱ्या गोड्या पाण्यातील गोगलगायी मारण्यासाठीही कथिलाच्या सेंद्रिय संयुगांच्या चाचण्या होत होत्या. ही संयुगे गोगलगायींना घातक आहेत ही गोष्ट अशा रीतीने आरंभापासूनच ज्ञात होती. प्रश्न फक्त मात्रेचा होता आणि तो त्या काळी फारसा कोणी विचारला नाही.

सुरुवातीच्या रंगांत विष नुसते मिसळलेले असे. ते पहिल्या काही महिन्यांत भराभर बाहेर पडे आणि रंग लवकर निकामी होई. १९७० च्या दशकात ‘स्वयंघासणारे’ रंग बाजारात आले. त्यांत टीबीटी ॲक्रिलिक बहुवारिकाला रासायनिक बंधाने जोडलेले असते. समुद्राच्या किंचित अल्कधर्मी पाण्यात हा बंध तुटतो, टीबीटी सुटते, वरचा थर झिजून जातो आणि खालचा ताजा थर उघडा पडतो. विष त्यामुळे वर्षानुवर्षे जवळजवळ एकाच गतीने बाहेर पडत राहते. एकदा रंगवलेले मोठे जहाज पाच वर्षांपर्यंत सुक्या गोदीत न आणता चालवता येऊ लागले. जहाजमालकांच्या दृष्टीने यापेक्षा चांगला रंग तोवर बनला नव्हता. हौशी होड्यांच्या मालकांनीही तो उचलला. या होड्या वर्षातील बराच काळ संथ पाण्याच्या लहान नौकातळांत एकमेकींना लागून उभ्या असतात आणि तेथे भरती-ओहोटीने पाणी पुरेसे बदलत नाही. पुढे प्रदूषणाचे सर्वाधिक प्रमाण अशाच ठिकाणी आढळले.

आर्काशाँ उपसागर

आर्काशाँ हा फ्रान्सच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील, बोर्दो शहराच्या जवळचा सुमारे १५५ चौरस किलोमीटरचा त्रिकोणी उपसागर आहे. तो अरुंद मुखाने अटलांटिक महासागराला जोडलेला असून ओहोटीच्या वेळी त्याचा मोठा भाग चिखलाच्या मैदानांच्या रूपाने उघडा पडतो. येथे कालवे वाढवली जातातच, पण उपसागराचे खरे महत्त्व कालवांच्या पिलांसाठी आहे. चुन्याचा लेप दिलेली कौले पाण्यात मांडून ठेवली की तरंगणारी अर्भके त्यांवर येऊन बसतात. ही पिले फ्रान्सच्या इतर किनाऱ्यांवरील कालवशेतीलाही पुरवली जातात. आर्काशाँत पिले आली नाहीत तर फटका इतरत्रही बसतो.

१९७० च्या दशकाच्या प्रारंभी एका साथीच्या रोगाने येथील पोर्तुगीज कालव जवळजवळ नाहीशी झाली. तिच्या जागी जपानी किंवा पॅसिफिक कालव आणण्यात आली. ती जोमाने वाढली आणि व्यवसाय सावरला. हे सुख अल्पकाळ टिकले. दशकाच्या मध्यापासून कालवांच्या शिंपा विचित्र वाढू लागल्या. निरोगी कालवाची शिंप थरावर थर चढत पसरट वाढते. येथे थरांच्या मध्ये पोकळ कप्पे तयार होत आणि त्यांत चिकट, जेलीसारखा प्रथिनयुक्त पदार्थ साठे. शिंप लांबी-रुंदीत न वाढता जाडीत फुगत जाई. काही कालवे चेंडूसारखी गोलसर होत आणि आतील मांस मात्र अगदी थोडे असे. असा माल बाजारात विकला जात नाही.

याहून गंभीर संकट १९७७ पासून पुढील काही वर्षांत ओढवले. उन्हाळ्यात कालवे अंडी सोडत, अर्भके पाण्यात दिसत, परंतु काही दिवसांतच ती नाहीशी होत. कौले जवळजवळ रिकामी राहू लागली. उपसागरातील वार्षिक उत्पादन पूर्वी १०,००० ते १५,००० टन असे. ते १९८१ मध्ये सुमारे ३,००० टनांवर आले. या काळातील एकूण आर्थिक हानी पुढे सुमारे १४.७ कोटी अमेरिकी डॉलर इतकी अंदाजण्यात आली. एका दशकात दुसऱ्यांदा नागवल्या गेलेल्या कालवशेतकऱ्यांपुढे या वेळी जात बदलण्याचा मार्गही नव्हता, कारण आजारी पडलेली जात ही बदलून आणलेलीच होती.

क्लोद अल्झिए आणि फ्रान्सच्या सागरी मत्स्यव्यवसाय संशोधन संस्थेतील त्यांचे सहकारी कारणाचा शोध घेऊ लागले तेव्हा भूगोलाने पहिला धागा पुरवला. शिंपांतील विकृती नौकातळांच्या जवळ सर्वाधिक होती आणि त्यांपासून दूर गेल्यावर कमी होत होती. उन्हाळ्यात या उपसागरात हजारो हौशी होड्या येतात आणि कालवांचा प्रजननकाळही हाच असतो. कथिलयुक्त रंगाच्या सान्निध्यात ठेवलेल्या कालवांच्या शिंपांत प्रयोगातही तसेच कप्पे निर्माण झाले. अर्भकांवरील प्रयोगांत टीबीटीच्या अत्यल्प मात्रेनेही त्यांची वाढ खुंटल्याचे दिसले. अर्भके ज्या सूक्ष्म शैवालावर जगतात त्यालाही हे संयुग मारक होते. विष व उपासमार असा दुहेरी आघात त्यांच्यावर होत होता.

इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातील क्राउच नदीच्या खाडीतही पॅसिफिक कालवांच्या शिंपा अशाच जाड होत होत्या. तेथे पाण्यातील बारीक गाळाला दोष दिला जात होता. हा तर्क निराधार नव्हता, कारण ज्या खाड्यांत होड्यांची गर्दी होती त्या गढूळही होत्या. वॉल्डॉक व थेन यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दोन्ही कारणे वेगवेगळी तपासली. शिंपांची जाडी गाळाने नव्हे, तर टीबीटीने वाढत असल्याचे त्यातून दिसून आले.

फ्रान्सने मात्र सर्व प्रश्नांची उत्तरे मिळण्याची वाट पाहिली नव्हती. जानेवारी १९८२ मध्ये २५ मीटरपेक्षा कमी लांबीच्या नौकांवर कथिलाच्या सेंद्रिय संयुगांचे रंग वापरण्यास बंदी घालण्यात आली. त्याच उन्हाळ्यापासून कौलांवर पुन्हा पिले दिसू लागली आणि काही वर्षांत उत्पादन सावरले. बंदी आणि पुनरागमन यांतील हे अल्प अंतर हाच अनेक अभ्यासकांच्या मते कारणाचा सर्वांत बोलका पुरावा होता.

गोगलगायींमधील लिंगविकृती

कालवांच्या आधीच धोक्याची सूचना गोगलगायींनी दिली होती, परंतु ती सूचना आहे हे ओळखायला दहा वर्षे लागली. १९७० मध्ये स्टीफन ब्लेबर यांनी इंग्लंडच्या प्लिमथ बंदराजवळील डॉगव्हेल्क या शिकारी गोगलगायीच्या माद्यांमध्ये शिश्नासारखा अवयव असल्याचे नोंदवले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील कनेटिकट राज्याच्या किनाऱ्यावर बी. एस. स्मिथ यांना चिखलात राहणाऱ्या दुसऱ्या एका जातीत हाच प्रकार आढळला. मादीच्या शरीरावर नराची इंद्रिये लादली जाण्याच्या या अवस्थेला त्यांनी ‘इम्पोसेक्स’ हे नाव दिले. नौकातळाजवळ विकृती अधिक व दूर कमी, हे स्मिथ यांच्या ध्यानात आले होते. १९८१ मध्ये त्यांनी ती टीबीटीयुक्त रंगांमुळे होते असे दाखवून दिले. कालवे बाजारात विकली जातात, डॉगव्हेल्क विकली जात नाही. एका प्राण्याच्या विकृतीकडे काही वर्षांत शासनाचे लक्ष गेले आणि दुसऱ्याची विकृती दशकभर शास्त्रीय कुतूहलाचा विषय राहिली, याचे कारण बव्हंशी या फरकात असावे.

डॉगव्हेल्क उत्तर अटलांटिकच्या खडकाळ किनाऱ्यांवर राहते आणि बार्नेकल व शिणाणे खाऊन जगते. टीबीटीच्या संपर्कात तिच्या मादीत प्रथम लहानसा उंचवटा येतो, मग शिश्न आणि शुक्रवाहिनी वाढते. विकृती पुढे गेल्यावर शुक्रवाहिनीच्या ऊती जननछिद्रावर वाढून ते बंद करतात. अंडी तयार होत राहतात, पण बाहेर पडू शकत नाहीत. अंड्यांच्या कुप्या आतच साचतात आणि अखेर ग्रंथी फुटून मादी मरू शकते. ही विकृती उलटत नाही.

प्लिमथ येथील ब्रायन, गिब्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये नैर्ऋत्य इंग्लंडच्या किनाऱ्याची पाहणी प्रसिद्ध केली. होड्यांची वर्दळ जेथे अधिक होती तेथे माद्या कमी होत्या, पिले दिसत नव्हती आणि काही ठिकाणी जातच संपत आली होती. स्वच्छ किनाऱ्यावरून आणून गर्दीच्या खाडीत ठेवलेल्या माद्यांमध्येही विकृती उत्पन्न झाली. प्रयोगशाळेतील आकडे सर्वांत चकित करणारे होते. कथिलाच्या रूपात मोजलेल्या, लिटरमागे एक नॅनोग्रॅमहूनही कमी टीबीटीने विकृती सुरू होत होती आणि काही नॅनोग्रॅमला माद्या वांझ होत होत्या. लिटरमागे एक नॅनोग्रॅम म्हणजे १०० कोटी लिटर पाण्यात एक ग्रॅम. ५० मीटर लांबीचे, प्रत्येकी २५ लाख लिटर पाणी मावणारे ४०० तरणतलाव एकत्र केले तर एवढे पाणी होईल. ब्रिटनने १९८५ मध्ये पाण्यातील टीबीटीसाठी ठरवलेली लक्ष्यमर्यादा लिटरमागे २० नॅनोग्रॅम होती. डॉगव्हेल्कच्या दृष्टीने ती मर्यादा संरक्षक नव्हती. पुढे ती दोन नॅनोग्रॅमवर आणण्यात आली.

या जातीचा ऱ्हास भरून निघण्यास एक नैसर्गिक अडथळाही आहे. कालवांची अर्भके प्रवाहाबरोबर दूरवर जातात, त्यामुळे एका जागेची वस्ती संपली तरी दुसरीकडून अर्भके येऊ शकतात. डॉगव्हेल्क खडकाला कुप्या चिकटवते आणि त्यांतून थेट रांगणारी पिले बाहेर येतात. एखाद्या खाडीतील वस्ती नष्ट झाल्यास शेजारच्या खाडीतून गोगलगायी सरपटत किंवा एखाद्या वस्तूला चिकटून येईपर्यंत ती जागा रिकामीच राहते.

इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावरील डम्पटन येथे यास एक अपवाद आढळला. तेथील काही डॉगव्हेल्क नरांमध्ये एका आनुवंशिक दोषामुळे शिश्न अपुरे वाढते किंवा मुळीच नसते. हाच दोष माद्यांमध्ये असला की टीबीटीमुळे त्यांची इंद्रियेही पुरेशी वाढत नाहीत आणि जननमार्ग मोकळा राहतो. एरवी तोट्याच्या ठरणाऱ्या या ‘डम्पटन सिंड्रोम’मुळे प्रदूषित पाण्यातही तेथील वस्ती तग धरून राहिली.

इम्पोसेक्स आता जगभरातील दीडशेहून अधिक गोगलगाय-जातींमध्ये नोंदला गेला आहे. पाण्यातील टीबीटी मोजणे खर्चिक व अवघड असते. माद्यांमधील विकृतीची पायरी पाहून प्रदूषणाचा अंदाज घेणे तुलनेने सोपे आहे, म्हणून अनेक देशांत ही पद्धत रूढ झाली.

परिणामांची कारणे

मृदुकाय प्राणीच इतके संवेदनशील का, याचे एक उत्तर त्यांच्या आहारात आहे. कालवे व शिणाणे अन्नकण गाळण्यासाठी दिवसभर पाणी आत घेतात आणि त्याबरोबरचे विषही शरीरात साठवतात. दुसरे उत्तर शरीरक्रियेत आहे. मासे व खेकडे आपल्या विकरांच्या साहाय्याने टीबीटीचे विघटन तुलनेने लवकर करतात, तर शिंपधारी प्राण्यांत ही क्षमता कमी असते. त्यामुळे त्यांच्या ऊतींमधील प्रमाण भोवतालच्या पाण्यापेक्षा हजारो पटींनी वाढते.

इम्पोसेक्सच्या यंत्रणेविषयीचे मत बदलत गेले. टीबीटी ॲरोमाटेज या विकराला रोखते, त्यामुळे नर-संप्रेरक साठून राहते, असे प्रथम मानले जाई. मृदुकाय प्राण्यांत या विकराचे जनुक न आढळल्याने हे स्पष्टीकरण दुबळे झाले. २००४ मध्ये जपानी संशोधकांनी टीबीटी हे गोगलगायीतील रेटिनॉइड एक्स ग्राही (आरएक्सआर) या प्रथिनाला जोडले जात असल्याचे दाखवले. या प्रथिनाशी नैसर्गिकरीत्या जोडला जाणारा, ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनणारा रेटिनॉइक आम्लाचा एक प्रकार टोचल्यावरही माद्यांमध्ये इम्पोसेक्स उत्पन्न झाला. टीबीटी शरीराच्या एका खऱ्या कुलुपाला लागणारी बनावट किल्ली ठरते, असे यावरून दिसते. इतक्या अल्प मात्रेचा इतका मोठा परिणाम होण्याचे कारणही त्यातून कळते.

माणसाने दूषित कालवे खाल्ल्यास काय होते, याचाही विचार झाला आहे. प्राण्यांवरील प्रयोगांत या संयुगांचा रोगप्रतिकारशक्तीवर दुष्परिणाम दिसतो. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २००४ मध्ये टीबीटी व तत्सम काही कथिल-संयुगांसाठी एकत्रित सुसह्य दैनिक मात्रा शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे ०.२५ मायक्रोग्रॅम ठरवली.

निर्बंध

फ्रान्सनंतर ब्रिटनने १९८७ मध्ये लहान नौकांसाठी टीबीटीयुक्त रंगांची विक्री बंद केली. अमेरिकेने १९८८ च्या कायद्याने २५ मीटरपेक्षा लहान नौकांवर बंदी घातली. ॲल्युमिनियमच्या बुडाच्या नौकांना त्यातून सूट होती, कारण तांब्याचा रंग ॲल्युमिनियमला गंजवतो. मोठी जहाजे खोल समुद्रात फिरतात, तेथे विष विरळ होते, अशी त्या काळची धारणा होती.

ही धारणा टिकली नाही. शेटलंड बेटांवरील सलम व्हो या तेलबंदराजवळ हौशी होड्यांचा प्रश्न नव्हता, तरी तेथील डॉगव्हेल्कमध्ये विकृती दिसत होती. १९९० च्या दशकात उत्तर समुद्राच्या खुल्या पाण्यातही व्हेल्क या मोठ्या गोगलगायीत इम्पोसेक्स आढळला आणि जहाजांची ये-जा जेथे अधिक तेथे तो अधिक होता. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने ५ ऑक्टोबर २००१ रोजी हानिकारक अँटिफाउलिंग प्रणालींच्या नियंत्रणाचा करार स्वीकारला. १ जानेवारी २००३ नंतर कथिलाच्या सेंद्रिय संयुगांचे रंग नव्याने लावू नयेत आणि १ जानेवारी २००८ नंतर ते जहाजांवर उघड्या स्वरूपात असू नयेत, असे त्यात ठरले. करार अमलात येण्यासाठी जगाच्या व्यापारी जहाजांच्या एकूण टनभारापैकी किमान २५ टक्के वाटा असलेल्या २५ देशांची मान्यता आवश्यक होती. ही अट सप्टेंबर २००७ मध्ये पनामाच्या मान्यतेने पूर्ण झाली आणि १७ सप्टेंबर २००८ रोजी करार लागू झाला. ठरलेल्या दोन्ही तारखा तोवर उलटून गेल्या होत्या. युरोपीय संघाने मात्र २००३ मध्येच स्वतंत्र नियम केला होता. भारतानेही पुढे या करारात प्रवेश केला.

निर्बंधांनंतर ब्रिटनच्या व उत्तर समुद्राच्या किनाऱ्यांवर विकृतीचे प्रमाण घटले आणि अनेक रिकाम्या खडकांवर डॉगव्हेल्क परतली.

गाळातील साठा

पाण्यातील टीबीटी सूर्यप्रकाश व जिवाणूंमुळे काही दिवसांत किंवा आठवड्यांत विघटित होते. त्याचे ब्युटिल गट एकेक करून सुटतात आणि शेवटी निरुपद्रवी कथिल उरते. गाळात ही क्रिया मंदावते. प्राणवायूरहित चिखलात ते वर्षानुवर्षे, कधी दशकांपर्यंत टिकते. गोद्यांच्या परिसरात जुना रंग खरवडताना पडलेले कपचे तर प्रत्यक्ष विषाची छोटी कोठारेच असतात. बंदराचा मार्ग खोल करण्यासाठी गाळ उपसला की हा साठा ढवळला जातो. उपसलेला गाळ कोठे टाकावा हा प्रश्न त्यामुळे अनेक बंदरांना भेडसावतो.

तांब्याचे व इतर रंग

टीबीटीनंतर क्युप्रस ऑक्साइड हे तांब्याचे संयुग पुन्हा मुख्य विष बनले. तांबे सजीवांना अल्प प्रमाणात आवश्यक असते आणि टीबीटीइतके ते घातक नाही. तरीही शिंपधारी प्राण्यांची भ्रूणे व अर्भके लिटरमागे काही मायक्रोग्रॅम विरघळलेल्या तांब्यालाही संवेदनशील असतात. कॅलिफोर्नियातील सान दिएगो येथील शेल्टर आयलंड नौकातळात पाण्यातील तांब्याचा मुख्य स्रोत होड्यांचे रंग असल्याचे आढळले आणि तेथे तांब्याचा भार कमी करण्याचा कार्यक्रम आखावा लागला.

तांब्याला दाद न देणाऱ्या शैवालासाठी रंगांत पूरक विषेही मिसळली जातात. त्यांपैकी इर्गारॉल या नावाने विकले जाणारे सायब्युट्रिन प्रकाशसंश्लेषण रोखते, म्हणजे मृदुकाय प्राण्यांच्या अन्नावरच घाव घालते. वर उल्लेखिलेल्या करारात दुरुस्ती होऊन १ जानेवारी २०२३ पासून त्याच्या वापरावरही बंदी आली. विष न वापरता केवळ गुळगुळीतपणावर अवलंबून असणारे सिलिकोनचे लेप उपलब्ध आहेत. ते वेगाने व सतत चालणाऱ्या जहाजांना मानवतात. दीर्घकाळ एका जागी उभ्या राहणाऱ्या होडीला त्यांचा लाभ कमी होतो आणि खाड्यांतील प्रदूषणाचा मूळ प्रश्न अशाच होड्यांचा आहे.

गोवा व कोकण

भारतीय पाण्यातील इम्पोसेक्सची नोंद गोव्यात झाली. दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या विश्वकिरण व अनिल यांनी १९९९ मध्ये मुरगाव बंदराच्या परिसरातील क्रोनिया कोंकणेन्सिस या गोगलगायीच्या माद्यांमध्ये नराची इंद्रिये आढळल्याचे प्रसिद्ध केले. या जातीच्या शास्त्रीय नावातच कोकण आहे. २००६ मध्ये याच संस्थेच्या संशोधकांनी भारतीय किनाऱ्यावरील प्रदूषणाची सूचक म्हणून गायरिनियम नॅटेटर ही दुसरी जात सुचवली. मुरगाव हे मोठ्या जहाजांचे बंदर आहे. मांडवी व झुआरी या नद्यांतून लोहखनिज वाहून नेणाऱ्या बार्जांची वाहतूकही दीर्घकाळ याच पाण्यातून झाली असून त्यांच्या बांधणी व दुरुस्तीच्या गोद्या नदीकाठीच आहेत.

कोकणच्या खाड्यांत ओहोटीच्या वेळी खडकांवरची कालवे फोडणे आणि चिखलातून तिसऱ्या वेचणे हे प्रामुख्याने स्त्रियांचे काम आहे. त्यातून घरचे कालवण होते आणि उरलेला वाटा बाजारात जातो. ही वेचणीची ठिकाणे पुष्कळदा जेटी व होड्यांच्या नांगरतळांना लागून असतात. पावसाळी मासेमारीबंदीच्या काळात यांत्रिक नौका किनाऱ्यावर ओढून त्यांची बुडे खरवडली व रंगवली जातात. खरवडलेला रंग गोळा केला नाही तर तो पावसाच्या किंवा भरतीच्या पाण्याबरोबर खाडीत उतरतो.

आंतरराष्ट्रीय करारातील तपासणी व प्रमाणपत्राची अट आंतरराष्ट्रीय सफरी करणाऱ्या ४०० टन व त्याहून अधिक स्थूल टनभाराच्या जहाजांना लागू आहे. त्याखालील, परंतु २४ मीटर व त्याहून अधिक लांबीच्या जहाजांना रंगाविषयीचे घोषणापत्र जवळ बाळगावे लागते. किनाऱ्यालगत मासेमारी करणाऱ्या लहान नौका या दोन्ही अटींच्या बाहेर राहतात. त्यांच्या बुडाला कोणता रंग लागतो, हे देशांतर्गत नियम आणि बाजारात मिळणारा माल यांवर अवलंबून असते.